जिजींना घेऊन समुद्रावर: जळगावकरांची पहिली क्रूझ

क्रूझ करून आल्याचं कळल्यापासून ओळखीतले लोक दोनच गोष्टी विचारतात. खर्च किती आला, आणि उलट्या झाल्या का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, त्यांची उत्तरं पुढे येतीलच. पण मला सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं ते कुणी विचारतच नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला क्रूझवर नेता येतं का? येतं. इतकं छान नेता येतं की गुडघे गेलेल्या माणसासाठी याहून सोयीची सहल निदान मला तरी दुसरी सापडलेली नाही.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे जिजी म्हणतो. मूळच्या अमळनेरच्या, सत्तरी ओलांडलेल्या, दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली. ऑपरेशन त्यांना करायचं नाही आणि आम्हीही आता मागे लागत नाही. सप्तशृंग गडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली म्हणून देवीचं दर्शन तरी होतं. बाकी कुठेही गेलं की त्यांचं वाक्य ठरलेलं: "तुम्ही जाऊन या, मी बसते गाडीत." वेरूळला गेलो, जिजी गाडीत. महाबळेश्वरला गेलो, जिजी हॉटेलच्या खोलीत. आम्ही फोटो काढून आणायचो आणि त्यांना दाखवायचो. मला हे फार लागायचं. सहलीचे पैसे भरायचे, आणि जिच्यासाठी भरायचे ती पार्किंगमध्ये.

धुळ्याच्या नणंदेने मुंबई-गोवा-मुंबई क्रूझचा विषय काढला तेव्हा जिजी म्हणाल्या, "मना पायस्मा जीव नही, माले कोठे लई जातस?" नणंदेने एवढंच सांगितलं, "जिजी, यात तुला कुठे जायचंच नाही. तू बसायचं, बोट जाईल." त्यावर त्या तयार झाल्या.

बुकिंग करताना आधी खोल्यांचे प्रकार समजून घ्या. आतली खोली म्हणजे जिला खिडकीच नाही. ती सगळ्यात स्वस्त, पण सकाळ झाली की रात्र आहे ते कळत नाही. त्यावरच्या खोलीला समुद्राकडे बंद काचेची खिडकी असते. त्याहून महाग ती बाल्कनीवाली, आणि मग सुइट. तरुण मंडळींनी खुशाल आतली खोली घ्यावी, कारण ती दिवसभर बाहेरच असतात. पण घरातलं माणूस दुपारी तीन-तीन तास खोलीत आडवं होणारं असेल तर निदान खिडकी हवीच. आम्ही जिजींसाठी आणि माझ्यासाठी खिडकीची खोली घेतली. हे, नणंद-नंदोई आणि मुलं आतल्या खोल्यांमध्ये. बाल्कनीचा आग्रह धरू नका असं मी म्हणेन. डेकवर हवं तेवढं आकाश फुकट मिळतं.

खोली मागताना आणखी एक गोष्ट सांगून मागायची: जहाजाच्या लांबीच्या मधोमध, जमेल तितक्या खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ. जहाज पुढे-मागे वर-खाली होतं तेव्हा दोन्ही टोकं जास्त हलतात, मधला भाग कमी. उंचावर डुलणं जास्त जाणवतं, खाली कमी. लिफ्टजवळ यासाठी की जहाज दोनशे-दोनशे मीटर लांब असतं आणि खोल्यांच्या मधली गल्ली संपता संपत नाही. व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, ऐन वेळी धावाधाव होते. घरात कुणी गरोदर असेल तर तेही आधी विचारा. साधारण २४ आठवड्यांपुढे बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत.

आता खर्च. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते ती फक्त मूळ भाड्याची रक्कम. तिच्यावर बंदराचे आकार, सेवाशुल्क आणि जीएसटी चढतो. म्हणून दोन ठिकाणचे दर ताडून पाहायचे असतील तर "सगळं धरून शेवटी किती" एवढंच विचारायचं. भाड्यात खोली, मुख्य भोजनगृहातलं दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता, चहा-कॉफी आणि बहुतेक कार्यक्रम येतात. दारू, वायफाय, मसाज, वेगळ्या पैशाची हॉटेलं, फोटोग्राफरने काढलेले फोटो आणि गोव्यात फिरवून आणणारी बस यांचे पैसे वेगळे पडतात. आमच्यात कुणी पीत नाही, त्यामुळे वरचा खर्च बेताचाच झाला. पिणारी मंडळी सोबत असतील तर हिशेब बदलतो.

निघण्याआधी ऑनलाइन चेक-इन करावं लागतं. बोर्डिंग पास आणि सामानाला लावायच्या चिठ्ठ्या छापून घ्याव्या लागतात, आणि बंदरावर पोहोचायची वेळ ठरवून मिळते. देशातल्या देशातला प्रवास असल्यामुळे पासपोर्टची सक्ती नव्हती, आमचं आधारवर काम झालं. मूळ कार्डच न्या, झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका.

खान्देशातल्या बायकांसाठी खरी अडचण पुढे आहे. घरचं खाणं जहाजावर नेता येत नाही. शेव नाही, चिवडा नाही, ठेचा नाही. नणंदेने पिशवीभर खारे शेंगदाणे आणि तिखट पुऱ्या बांधल्या होत्या, त्या आम्ही रेल्वेतच संपवल्या. इस्त्री, पाण्याची किटली, मेणबत्ती, अगरबत्ती, विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड हेही वर्ज्य. कारण ऐकल्यावर मला हा नियम मनापासून पटला. समुद्रात जहाजाला सगळ्यात मोठी भीती आगीची असते. तिथे बंब येणार नाही आणि माणसांना पळून जायला रस्ताही नाही. जिजींचं देवापुढे उदबत्ती लावणं राहिलं, पण त्यांनी हात जोडून भागवलं.

औषधांचं मात्र पक्कं लक्षात ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यात घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी पोहोचायला संध्याकाळ होऊ शकते. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या, चष्मा, एक बदलायचा कपडा आणि शाल हे हातातल्या पिशवीतच हवं. शाल यासाठी की आत एसी चांगलाच थंड असतो आणि वर वारा बोचतो. जळगावच्या उन्हातून आलेल्या माणसाला तो फरक एकदम जाणवतो.

आम्ही रात्रीच्या अमरावती-मुंबई गाडीने पहाटे सीएसएमटीला उतरलो. आपल्या भागातून जाणाऱ्यांची मोठी सोय म्हणजे जहाज जिथून सुटतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का तिथून टॅक्सीने अगदी जवळ आहे. पण जहाजावर चढणं दुपारी सुरू होतं. मधले तास म्हातारं माणूस घेऊन फलाटावर काढू नका. स्टेशनात पैसे भरून बसायचं प्रतीक्षालय आहे, तिथे अंघोळ-चहा उरकून जिजी दोन तास झोपल्या.

बॅलार्ड पिअरबद्दल नंदोईंनी सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. ते रेल्वेत होते, भुसावळला. आज जी पंजाब मेल भुसावळवरून जाते ती १९१२ साली सुरू झाली तेव्हा याच धक्क्याला लागून असलेल्या बॅलार्ड पिअर मोल स्टेशनातून सुटायची. विलायतेहून आगबोटीने आलेले साहेब आणि त्यांची टपाल थेट गाडीत चढायचे आणि पेशावरपर्यंत जायचे. म्हणजे बोटीतून उतरलेली माणसं शंभर वर्षांपूर्वी भुसावळवरून जात होती. आता भुसावळहून आलेली माणसं तिथे बोटीत चढत होती. नंदोईंना याचा केवढा आनंद झाला होता!

आता तिथे नवं क्रूझ टर्मिनल आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आतली व्यवस्था विमानतळासारखीच: बॅगा एक्स-रेमधून जातात, कागद तपासतात, फोटो काढतात आणि प्रत्येकाच्या हातात एक प्लॅस्टिकचं कार्ड देतात. हे कार्ड जिवापाड जपायचं. तीच खोलीची किल्ली, तीच ओळख आणि तेच पाकीट. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, जे घ्याल ते कार्डावर मांडलं जातं. उतरताना-चढताना तेच कार्ड यंत्राला लावतात, त्यावरून कोण आत आणि कोण बाहेर याची नोंद राहते. जिजींचं कार्ड मी मंगळसूत्राच्या खाली दोरीने गळ्यात घालून दिलं. पोरांनी मात्र जरूर नसताना सरबतं घेतली, तेव्हा मुलांच्या कार्डावरून खरेदी बंद करून घ्यायची असेल तर ते चढल्या चढल्या सांगा.

व्हीलचेअर लोटणारा मुलगा टर्मिनलच्या दारापासून थेट जहाजाच्या पोटात घेऊन गेला. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये उतरता पूल टाकलेला असतो. भरती-ओहोटीप्रमाणे जहाज वर-खाली होतं, तसा त्याचा चढ बदलतो. आम्ही गेलो तेव्हा चढ बऱ्यापैकी होता. चालत जाणारं म्हातारं माणूस तिथे थकलं असतं. जिजी खुर्चीतून मान वर करून जहाजाकडे पाहत होत्या. त्याचं टोकही दिसत नव्हतं, नुसती पांढरी भिंत आणि तिच्यात खिडक्यांच्या रांगा. "हाई घर पानीवर कसं काय चालस?" असं त्यांनी त्या मुलालाच विचारलं. त्याला अहिराणी कळली नाही, पण तो हसला.

खोली लहान असते. घरच्या स्वयंपाकघराएवढी धरून चाला. चौघांच्या खोलीत दोन पलंग खाली आणि दोन भिंतीतून उघडणारे असतात. वरच्या पलंगावर शिडीने चढावं लागतं, तिथे मुलांनाच झोपवा. भिंती पत्र्याच्या असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक त्यांना चिकटतात. नणंदेने कुठेतरी वाचून असे चार हुक आणले होते. ओले टॉवेल, पिशव्या, जिजींची काठी, सगळं त्यांवर टांगलं. एवढ्याशा खोलीत ते फार कामाला आलं.

न्हाणीघराविषयी सविस्तर सांगते, कारण म्हाताऱ्या माणसाची सहल तिथेच बनते किंवा बिघडते. दाराशी वीतभर उंच उंबरठा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री झोपेत उठलेलं माणूस त्याला हमखास अडखळतं. आम्ही पहिल्याच संध्याकाळी त्या उंबरठ्यावर पांढरा टॉवेल पसरून ठेवला, म्हणजे अंधारात दिसेल, आणि आतला दिवा रात्रभर चालू ठेवला. धरायला दांडी असते. अंघोळीची जागा इतकी अरुंद की बसून अंघोळ करणाऱ्यांनी प्लॅस्टिकचं स्टूल मागून घ्यावं. संडास हवेच्या दाबाने ओढणारा असतो. बटण दाबलं की मोठा आवाज होतो, जिजी पहिल्यांदा दचकल्याच. त्यात कागदाखेरीज काही टाकायचं नाही. एका खोलीचा नळ तुंबला तर आजूबाजूच्या खोल्यांनाही भोगावं लागतं.

आणि पाणी! आमच्याकडे नळाला पाणी येण्याची वाट पाहण्यात बायकांचं आयुष्य जातं. त्यामुळे इतक्या माणसांना चोवीस तास गोडं पाणी कुठून येतं हा प्रश्न मला पडलाच. तिथल्या माणसाने सांगितलं की थोडं बंदरावरून भरून घेतात आणि बाकीचं समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून जहाजावरच तयार करतात. हे ऐकल्यावर जिजींनी बेसिनचा नळ निम्मा केला. पुढेही त्या तो कधी पूर्ण सोडेनात.

सामान टाकलं की लगेच जेवायला धावू नका. आधी कवायत असते. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. ती जागा कार्डावर आणि खोलीच्या दाराच्या मागे लिहिलेली असते. लाइफ जॅकेट कसं घालायचं, कुठल्या जीवरक्षक होडीत बसायचं हे तिथे दाखवतात. आमच्या भोवती पुष्कळ जण गप्पा मारत होते, काही जण रिल काढत होते. मला ते अजिबात आवडलं नाही. समुद्रावर माणसांच्या जिवाचे आंतरराष्ट्रीय नियम टायटॅनिक बुडाल्यानंतर, १९१४ साली पहिल्यांदा लिहिले गेले. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आदळून कलंडलं आणि ३२ जण गेले. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेली नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या कवायत घेणं सक्तीचं झालं. आपण जिथे उभं राहून गप्पा मारतो त्या अर्ध्या तासाची किंमत कुणीतरी मोजलेली आहे. चालता न येणाऱ्यांना आणीबाणीत कोण नेणार हे मी तिथल्या अधिकाऱ्याला विचारलं. त्यांनी जिजींच्या खोलीची नोंद दाखवली: मदत लागणारी व्यक्ती. मगच माझा जीव भांड्यात पडला. तुम्हीही विचारा, लाजू नका.

जहाज सुटताना डेकवर असायलाच हवं. छोट्या टग होड्या त्या अवाढव्य धुडाला धक्क्यापासून हळूहळू वेगळं करतात. हे इतकं सावकाश होतं की आपण निघालो हे मागे सरकणाऱ्या इमारतींवरून कळतं. मग गेटवे, ताज, कुलाबा एकेक करून उजव्या हाताला मागे पडतात. पुढे खुल्या समुद्रात आल्यावर डावीकडे थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी-उंदेरी. खांदेरीवर महाराजांनी १६७९ मध्ये बांधकाम काढलं आणि मुंबईकर इंग्रजांच्या नाकासमोर ते टिकवलं. युनेस्कोच्या २०२५ च्या यादीत जे बारा किल्ले आले त्यांत हा खांदेरी आहे आणि आपल्या बागलाणातला साल्हेरही. माझ्या मुलाने साल्हेर चढलेला आहे. त्याने आजीला ते बेट दाखवून सांगितलं, "जिजी, साल्हेर आणि हा, एकाच माळेतले." पाण्यातला किल्ला जिजींनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि तोही बसल्या जागेवरून. गाडीत बसून राहिलेल्या त्यांच्या सगळ्या सहलींची आठवण मला तेव्हा झाली आणि डोळे भरून आले.

सूर्यास्त बघायचा तर बाजू धरून ठेवायची. गोव्याकडे जाताना जहाजाचं तोंड दक्षिणेला असतं, म्हणजे मावळतीचा सूर्य उजवीकडे. येताना तो डावीकडे. हे माहीत नसल्याने पुष्कळ माणसं चुकीच्या कठड्याला गर्दी करून उभी होती.

मोबाइलचं सिग्नल किनारा दूर गेला की जातं. त्यानंतर फोन विमान-मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क फोन पकडतो आणि त्याचं बिल फार येतं. घरी आधीच सांगून ठेवा की रात्रीपासून सकाळपर्यंत आम्ही लागणार नाही. नाहीतर गावाकडची माणसं काळजीने अर्धी होतात.

जेवणाला काही कमी नाही. शाकाहारी आणि जैन जेवण वेगळं मांडलेलं असतं. पंजाबी, दक्षिणी, चिनी, गोड पदार्थांचं तर टेबल भरलेलं. पण सगळं सौम्य, सगळ्या भारताला चालेल असं. खान्देशी जिभेला दुसऱ्या वेळेपासून चुकल्यासारखं होतं. जिजींनी वाढणाऱ्या मुलाकडे खुणेने हिरवी मिरची मागितली. तो आत जाऊन तळलेल्या चार मिरच्या मीठ लावून घेऊन आला, आणि पुढच्या प्रत्येक जेवणाला न सांगता आणत राहिला. डाळीत ती मिरची चुरडून जिजी पोटभर जेवल्या. वाढून घेताना एक करा: सगळ्यांनी एकाच वेळी रांगेत जायचं नाही. एकाने म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं. थाळी धरून, हलत्या जमिनीवरून, गर्दीतून चालणं त्यांच्यासाठी धोक्याचं आहे. आत शिरताना हात धुवायला सांगतात तेही मनावर घ्या. बंद जागेत पोटाचा आजार फार लवकर पसरतो.

कार्यक्रम भरपूर असतात. जादूचे प्रयोग, नाच, गाणी, तंबोला, पोरांसाठी खेळायची जागा, कॅसिनो. ज्याला जे आवडेल ते करावं. पोहण्याच्या तलावाशेजारी गाण्यांचा आवाज रात्री उशिरापर्यंत चालतो. म्हाताऱ्या माणसाला तिकडे नेऊ नका आणि खोली ठरवताना त्या मजल्याच्या लगेच खालची घेऊ नका.

आता उलट्यांचा प्रश्न. थंडीच्या दिवसांत अरबी समुद्र शांत असतो आणि मोठ्या जहाजांना डुलणं कमी करणारे पंख पाण्याखाली असतात. पहिल्या रात्री जेवल्यानंतर एक मंद झोल जाणवला, एवढंच. नंदोईंना थोडं मळमळलं. उपाय साधे आहेत: पोट रिकामं ठेवायचं नाही, तुडुंबही भरायचं नाही, फोनमध्ये डोकं घालायचं नाही, बाहेर येऊन क्षितिजाकडे पाहत राहायचं आणि आल्याचा तुकडा चघळायचा. बस लागते त्यांना बोटही लागू शकते. अव्होमिन किंवा तशीच गोळी घ्यायची असेल तर त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, आणि ती गुंगी आणते. म्हाताऱ्यांना गुंगीत उंबरठा ओलांडायला लावणं बरं नाही, म्हणून जिजींसाठी डॉक्टरांना आधीच विचारून घेतलं होतं. त्यांना गोळीची गरजच पडली नाही. रात्री खिडकीला कान लावला की जहाजाच्या अंगाला घासत जाणाऱ्या पाण्याचा आवाज येतो, केळीच्या बागेत पाटाला पाणी सोडल्यावर येतो तसा. त्या आवाजात जिजी सलग झोपल्या. गुडघ्यांच्या ठणक्याने घरी रात्रीतून दोनदा उठणाऱ्या जिजी.

सकाळी जहाज मुरगाव बंदराला लागलं. त्याआधी, झुआरीच्या मुखाजवळ, डॉल्फिन दिसले. पाठ आणि पंख दिसायचा, पुन्हा पाणी, पुन्हा पाठ. नाश्ता सोडून सगळे कठड्याला.

गोव्यात उतरण्याविषयी माझं मत जरा वेगळं आहे. बंदरापासून पणजी सुमारे तीस किलोमीटर. रांगेतून उतरायचं, टॅक्सी करायची, ट्रॅफिकमधून जायचं आणि जहाजाच्या वेळेच्या आत परत यायचं. जहाजाच्या बसने गेलात तर उशीर झाला तरी जहाज वाट पाहतं. आपल्या टॅक्सीने गेलात तर पाहत नाही. हे, नणंद-नंदोई आणि मुलं गेली, मंगेशीचं दर्शन घेऊन, मासे खाऊन वेळेत आली, खूश होती. मी आणि जिजी मात्र उतरलोच नाही, आणि सबंध सहलीतला सगळ्यात सुंदर दिवस आम्हाला मिळाला. जवळपास सगळं जहाज रिकामं. लिफ्टला थांबणं नाही, गाणी बंद, भोजनगृहात वाटेल ते टेबल. सावलीतल्या आरामखुर्च्यांवर आम्ही दोघी पाय लांब करून बसलो. जिजींनी मला त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या दुष्काळाबद्दल सांगितलं, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडल्याबद्दल सांगितलं. एवढी वर्षं एका घरात राहून हे मी ऐकलेलं नव्हतं. घरी त्यांना बसायला वेळ असतो, पण मला नसतो. तिथे ना स्वयंपाक होता, ना फोन, ना दाराची बेल. समोर माल चढवणाऱ्या क्रेन, पलीकडे समुद्र, आणि जिजी बोलत होत्या. बरोबर म्हातारं माणूस असेल तर बंदराचा दिवस जहाजावरच काढा, असं मी सगळ्यांना सांगते.

परतीच्या प्रवासात शेवटच्या रात्री बरीच कामं असतात. मोठ्या बॅगा चिठ्ठ्या लावून रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या, त्या सकाळी टर्मिनलवर मिळतात. सकाळी घालायचे कपडे आणि गोळ्या बॅगेत गेल्या नाहीत ना हे पाहून घ्या. खर्चाचं बिल रात्रीच पाहून घ्या. आमच्या बिलात न घेतलेली एक वस्तू होती, ती काउंटरवर सांगितल्यावर लगेच काढून टाकली. सकाळी ती रांग लांबलचक होते. उतरण्याचे गट ठरलेले असतात. व्हीलचेअरवाल्यांना आधी सोडतात किंवा सगळ्यात शेवटी, ते रात्रीच विचारून ठेवायचं.

जमिनीवर पाय ठेवल्यावरही दिवसभर अंग डुलल्यासारखं वाटतं. डोळे मिटले की जास्त. जिजी घाबरतील म्हणून आधी सांगून ठेवलं होतं. एक-दोन दिवसांत ते आपोआप जातं. मुंबईत पडून राहायला जागा होती म्हणून दुपार नातेवाइकांकडे काढली आणि संध्याकाळच्या विदर्भ एक्सप्रेसने निघालो.

आता अमळनेरला जिजींच्या भजनी मंडळातल्या बायका मला फोन करतात. एकीची अँजिओप्लास्टी झालेली आहे, एकीला वॉकर लागतो, एकीचा मुलगा म्हणतो की आईला कशाला त्रास. त्या मुलाशीही मी बोलले. त्याला सांगितलं की डॉक्टरांचं पत्र घे, जहाजावर डॉक्टर असतो पण त्याचे पैसे वेगळे आणि जास्त लागतात, म्हणून प्रवासाचा विमा काढ. व्हीलचेअर लिहून माग. खोली मधोमध, लिफ्टजवळ घे. आणि पावसाळ्यात नको, जून ते सप्टेंबर आपल्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो. दिवाळीनंतरच्या तारखा बघ. त्याने वहीत लिहून घेतलं आहे, आणि जिजींनी त्याच्या आईला उंबरठ्यावर टॉवेल टाकायचं स्वतः समजावून सांगितलं आहे.